मॉरिशसची भागीरथी, माहेर दिवा

ठाण्याच्या कोळीवाड्यात ‘भागीरथी’ एवढंच म्हटलं तरी पुरायचं. कोणाची, कुठली, असं पुढं विचारावं लागत नसे, कारण त्या नावाची ती एकटीच. काष्ट्याचं लुगडं, अंबाड्यात अबोलीची वेणी, पायाखाली दाबलेला कोयता आणि तोंडात कोळीवाड्याची बोली. ही बोली ठाणे शहराहून जुनी आहे. शहर मागाहून आलं आणि मग तेच या बोलीला गावंढळ म्हणायला लागलं. भागीरथीच्या तोंडात ती अशी बसली होती की मासळी घ्यायला आलेली बाई तिचं बोलणंच ऐकत राही आणि भाव करायची विसरे.

एकच गोष्ट वेगळी होती. कोयता चुकून बोटाला लागला तर ती “आयो” म्हणे आणि पुढं जे पुटपुटे ते ना मराठी असे, ना हिंदी. शेजारणी हसत. म्हणत, हिच्या बोटाला लागलं की हिला हिचा देश आठवतो.

तिचा देश मॉरिशस.

त्याचं असं झालं. गोमाजी हा याच कोळीवाड्यातला. खाडीत कारखान्यांचं पाणी उतरू लागलं, जाळ्यात मासळीपेक्षा काळा गाळ जास्त यायला लागला, तेव्हा तो मालवाहू जहाजावर इंजिनात तेल घालायच्या कामाला लागला. ब्याऐंशी साली त्याचं जहाज मॉरिशसच्या बंदरात बिघडून पडलं. दिवस गणपतीचे. गोमाजी गावात भटकत होता, तर नदीच्या काठाकडून ढोलकी ऐकू आली आणि पाठोपाठ मोरया. पणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यांत कामाला गेलेली ती माणसं. त्यांची मराठी चार पिढ्या जुनी, मीठ लावून ठेवल्यासारखी. गोमाजीचं बोलणं पुण्यात कोणाला धड कळलं नसतं, तिथं ते पोराटोरांना कळलं. उसाची लॉरी चालवणाऱ्या एका बाप्यानं त्याला जेवायला नेलं. त्याची लेक भागीरथी. जहाज दुरुस्त होऊन निघालं तेव्हा तिकडच्या सरकारी कचेरीत दोघांचं लग्न लागलेलं होतं, आणि पुढं काही महिन्यांनी एक पत्र्याची पेटी घेऊन ती ठाण्याला उतरली.

गोमाजीची आई मनुबाई दारात उभी होती. सून काळी की गोरी हे तिनं पाहिलं नाही. तिनं एकच विचारलं, हिचं माहेर कुठं. गोमाजीनं समुद्राकडं हात केला. मनुबाई म्हणाली, “परदेसची पोर चालंल मना. बिनमाहेराची नाय चालनार. उद्या भांडान झाला त जाईल कयं?”

मग मनुबाईनं स्वतःच माहेर शोधलं. ठाण्यापुढच्या दिवा गावात तिची बाजारातली जुनी ओळखीण होती, जनाबाई. तिला तीन मुलगे, लेक नाही. थोरला काळुराम. जनाबाई कबूल झाली, पण तिनं अट घातली. लेक दिली म्हणजे दिली. मग तिला कोणी ‘मानलेली’ म्हणायचं नाही. तो शब्द तोंडातून निघाला की नातं तुटलं.

दिव्याला तेव्हा शेतं होती, भरतीचं पाणी शिरणारं खाजण होतं आणि जनाबाईच्या घरामागं विहीर होती. धवलारीण बोलावली. धवलारीण म्हणजे आपल्याकडं गाणी म्हणून लग्न लावणारी बाई. तिनं गाणी म्हटली, नारळ वाढवला, आणि त्या घरच्या रीतीप्रमाणं भागीरथीच्या डोक्यावर रिकामा हंडा दिला. तिनं विहिरीवरून पाणी आणून मोरीत उतरवलं. उतरवताना कोणी हात लावला नाही. झालं, लेक झाली. त्या घरात पाहुण्याला पाण्याचा तांब्या हातात देतात. लेकीला कोणी देत नाही. तिनं आपलं घ्यायचं, आणि हंड्यात नसलं तर जाऊन आणायचं. त्या दिवसापासून भागीरथीला दिव्यात कोणी तांब्या पुढं केला नाही.

दोन्ही बाळंतपणं तिची दिव्यालाच झाली. पोरांची जावळं काळुरामच्या मांडीवर निघाली. भाऊबीजेला ती तबक घेऊन जायची, काळुराम तिला साडी नेसवायचा, आणि जनाबाई तिला सुनांसमोर बोल बोल बोलायची, जसं पोटच्या लेकीला बोलतात. दिवा बदलत गेलं. शेतांवर चाळी आल्या, चाळींवर इमारती आल्या, विहिरीचं पाणी तोंडात घेववेना. नळ आला आणि नळाबरोबर रांग आली. भागीरथी माहेरी गेली की पदर खोचून त्या रांगेत उभी राहायची.

वर्षातून एकदा मात्र गोमाजी तिला घेऊन एका कचेरीत जाई. परदेशी लोकांची नोंद तिथं ठेवत. तिथं तिच्या मॉरिशसच्या पासपोर्टावर पुढच्या वर्षभराच्या राहण्याचा शिक्का पडे. गोमाजी याला हजेरी म्हणे. लोक विचारत, एवढी कटकट करण्यापेक्षा इकडची नागरिक का नाही होत ही? तर भागीरथी म्हणे, “बा तिकरं आजारी परला त मी काय पोहत जाऊ?”

आता ब्याण्णव सालची गोष्ट. गोमाजीनं जहाज सोडून कळव्याच्या बाजूला होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचं काम धरलं होतं. डोंबिवलीचे त्र्यंबकराव नावाचे एक गृहस्थ बँकेतून निवृत्त होऊन यात्रा काढत. शिस्तीचे, वेळेचे पक्के, बोलणं मोजूनमापून. कोळीवाड्यातल्या बायका त्यांच्याबरोबर काशी करून आलेल्या. या खेपेला त्यांनी नेपाळ काढलं. पशुपतिनाथ आणि पुढं पोखरा, जिथून बर्फाचे डोंगर दिसतात.

भागीरथीनं डोंगराचं नाव ऐकलं आणि तिनं हट्टच धरला. तिकडं शाळेत असताना फ्रेंच पुस्तकात तिनं बर्फाचा धडा वाचला होता, आणि हे खोटं असणार असं तिचं तेव्हापासूनचं मत होतं. गोमाजीनं तिला लग्नात सांगितलं होतं की मी तुला जग दाखवीन. त्यानं स्वतः अर्धं जग पाहिलं. तिनं पाहिलं ते ठाण्यापासून दिव्यापर्यंत. हे ती त्याला अधूनमधून ऐकवी, मासळी खवलताना, त्याच्याकडं न बघता.

त्र्यंबकरावांनी कोळीवाड्यात येऊन सगळ्यांना समजावलं होतं. नेपाळला आपल्या माणसाला काही लागत नाही. पासपोर्ट नको, व्हिसा नको. रेशनकार्ड तेवढं जवळ ठेवा, हॉटेलवाला विचारतो म्हणून. भागीरथीचं नाव रेशनकार्डात होतंच. बायका समोर बसलेल्या, भागीरथी त्यांच्यात, आणि तिथं एकाही माणसाच्या डोक्यात आलं नाही की ही परदेशी आहे. वर्षाच्या वर्षाला हजेरीला नेणाऱ्या तिच्या नवऱ्याच्याही नाही. तो म्हणायचा, नेपाळ म्हणजे काय परदेश आहे? आपला गुरखा येतोय जातोय, त्याला कोण विचारतं?

टेंभी नाक्यावरची नवरात्राची देवी उठली की निघायचं ठरलं होतं. त्याच्या थोडं आधी हजेरीची वेळ आली. कचेरीत सरोजबाई नावाच्या कारकून होत्या. इतक्या वर्षांत ओळख झालेली. गोमाजी बोलता बोलता त्यांना म्हणाला की लवकर करा बाई, आम्हाला नेपाळला जायचं आहे. सरोजबाईंनी पेन खाली ठेवलं.

त्यांनी जे सांगितलं ते असं. नेपाळला तुम्हाला काही लागत नाही, यांना लागतं. यांचा नेपाळचा व्हिसा सीमेवरच मिळेल, फोटो न्या, ते सोपं आहे. अवघड आहे ते परत येणं. यांना आपल्याकडचा जो व्हिसा आहे तो एकदाच आत येण्याचा. इथं राहण्याची मुदत वाढत जाते, पण आत येण्याचा हक्क पहिल्यांदा आल्या तेव्हाच वापरून झाला. यांनी सीमेपलीकडं पाऊल टाकलं की हे सगळं संपलं. म्हणून जाण्याआधी इथून परतीची परवानगी घ्यायची. नाहीतर काठमांडूला आपल्या वकिलातीच्या दारात बसा, ते देतील तेव्हा देतील.

गोमाजी म्हणाला, “पन ती माजी बायको हाय.”

“बायको तुमची आहे,” सरोजबाई म्हणाल्या, “पासपोर्ट तिचा आहे.”

मग राहण्याची मुदत आणि परतीची परवानगी, दोन्हींचे अर्ज एकदमच दिले. परतीचं प्रकरण नवं, म्हणून घरी चौकशी आली. चौकशीला आलेला हवालदार प्रभाकर घाटावरचा, ठाण्याला नवीनच बदलून आलेला. तो आला तेव्हा भागीरथी ओट्यावर खाडीच्या चिखलातले मासे, निवटे, साफ करत होती. त्यानं मॉरिशसची बाई कुठं आहे म्हणून तिलाच विचारलं. तिनं हात न थांबवता सांगितलं, मीच. त्यानं लुगडं पाहिलं, वेणी पाहिली, कोयता पाहिला. मग नेहमीचे प्रश्न काढले. नाव, नवरा, पोरं किती. आणि मग विचारलं, माहेर कुठलं.

“दिवा,” भागीरथी म्हणाली.

तिच्याकडून खोटं बोलायचा प्रश्नच नव्हता. बापाचा गाव कुठला असं विचारलं असतं तर तिनं मॉरिशस सांगितलं असतं. जन्म कुठला विचारलं असतं तरी मॉरिशस. त्यानं माहेर विचारलं, तिनं माहेर सांगितलं. भाऊ आहे का विचारलं, तर दादूस आहे ना काळुराम, म्हणाली, आणि घर कसं शोधायचं तेही सांगितलं.

प्रभाकर हवालदार कामात चोख माणूस. तो दिव्याला गेला. काळुराम डोंबिवलीच्या एका कंपनीत पहारेकरी होता, पाळी संपवून नुकताच आलेला. भागीरथी तुमची कोण? बहीण. सख्खी? काळुरामला त्या प्रश्नाचाच राग आला. म्हणाला, “सख्खी नाय त काय? आयला विचारा.” जनाबाई आतून म्हणाली की माझीच लेक आहे, काय केलं तिनं? हवालदारानं सगळं लिहून घेतलं आणि कचेरीतल्या साहेबापुढं ठेवलं.

साहेबानं दोन अर्ज आणि एक चौकशीचा कागद शेजारी शेजारी मांडले आणि गोमाजीला बोलावलं. दिव्याला जन्मलेली बाई, आई दिव्याची, भाऊ दिव्याचा, आणि पासपोर्ट मॉरिशसचा. एक तर पासपोर्ट खोटा, नाहीतर तुम्ही खोटे. गोमाजीनं लग्नाचा दाखला दाखवला, तो फ्रेंचमध्ये. साहेब म्हणाला, हे मी वाचत बसत नाही. माझ्या माणसाला तिच्या सख्ख्या भावानं स्वतः सांगितलंय. ज्यानं सांगितलं त्यानं इथं येऊन नाही म्हणावं. तोपर्यंत परतीची परवानगी नाही आणि मुदतवाढही नाही.

गोमाजीनं विचारलं की मुदत वाढली नाही तर.

“तर त्या इथं राहू शकत नाहीत,” साहेब म्हणाला. “ज्या देशाचा पासपोर्ट आहे तिथं जावं लागेल. आणि पासपोर्ट खोटा निघाला तर वेगळंच प्रकरण.”

बर्फ बघायला म्हणून निघालेली गोष्ट राहत्या घरापर्यंत आली. पोरं शाळेत, म्हातारी मनुबाई खाटेवर, आणि यांतल्या एकाचाही पासपोर्ट नाही. गोमाजीनं घरी येऊन सांगितलं तेव्हा मनुबाई खाटेवर उठून बसली. हे माहेर तिनंच जोडून दिलं होतं. ती म्हणाली, काळुरामला नेऊ नका. त्याला नाही म्हणता येणार नाही.

पण नेण्यावाचून इलाज नव्हता. गोमाजी दिव्याला गेला. काळुरामनं सगळं ऐकून घेतलं. त्याला कळलं नाही असं नाही, चांगलं कळलं. तो म्हणाला की मी येतो, साहेबाला सगळी रीत सांगतो, धवलारीण सांगतो, नारळ सांगतो, हंडा सांगतो. साहेबालाही बहीण असेल. गोमाजी म्हणाला की साहेबाला एवढं ऐकायला वेळ नाही, त्याला एकच शब्द हवा आहे. काळुराम म्हणाला, तोच शब्द माझ्याकडं नाही. आतून जनाबाईनं सांगितलं की तो शब्द ज्याच्या तोंडून निघेल त्यानं या घरात पाणी पिऊ नये. म्हातारी हे काळुरामला बोलली की गोमाजीला, ते तिनं स्पष्ट केलं नाही.

तरी काळुराम आला. कंपनीच्या कपड्यात नाही, धुतलेला सदरा घालून आला. भागीरथी नऊवारी नेसून आली होती. गोमाजीनं तिला पाचवारी नेस म्हणून सुचवलं होतं, म्हणजे जरा परदेशी वाटशील. ती म्हणाली की पाचवारीत मी परदेशी वाटते हे तुला कोणी सांगितलं?

साहेबाच्या खोलीत एक बाक होतं. त्यावर तिघं ओळीनं बसली. सरोजबाई बाजूला लिहायला बसल्या. साहेबानं काळुरामला विचारलं, ही तुमची बहीण आहे का?

“हाय,” काळुराम म्हणाला.

“रक्ताची?”

काळुरामनं सरोजबाईंच्या कागदाकडं पाहिलं. साहेबानं पुन्हा विचारलं.

“रगत कोनी बगितलाय सायेब,” काळुराम म्हणाला. “तिची दोन्ही पोरा माज्या घरान झाली. आय माजी तिना शिव्या देते. आनखी काय पायजे?”

साहेब काही वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, हे बघा, मी तुम्हाला सोपं करून देतो. मानलेली बहीण आहे, एवढं म्हणा. सरोजबाई लिहितील, तुम्ही सही करा, विषय संपला. काळुरामनं मान खाली घातली. सदऱ्याचं बटण उगाच घट्ट करत राहिला. साहेबानं घड्याळाकडं पाहिलं आणि म्हणाला, मग मला हे प्रकरण वर पाठवावं लागेल. वर पाठवलं म्हणजे काय, ते बाकावरच्या तिघांनाही समजलं.

तेव्हा भागीरथी उठून उभी राहिली.

“सायेब, मी मॉरिशसची. बाप तिकरं, आय तिकरं. यो मानूस माजा कोन नाय.”

“मानलेला भाऊ ना?” सरोजबाईंनी हळूच विचारलं.

“नाय बाय. कोनच नाय. दिव्यान माजा कोनच नाय. लिवा.”

सरोजबाईंनी लिहिलं. भागीरथीनं खाली सही केली, फ्रेंच शाळेत शिकलेल्या वळणदार अक्षरात. ती सही बघून साहेबाची उरलीसुरली शंका गेली. त्यानं काळुरामला विचारलं, बाई म्हणतात ते बरोबर आहे? काळुराम हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. बाई स्वतःच सांगतायत म्हटल्यावर साहेबालाही मग त्याची गरज उरली नाही. दोन्ही शिक्के पडले. बाहेर टपरीवर गोमाजीनं तीन चहा सांगितले. काळुरामनं चपला घातल्या आणि चहा न घेता स्टेशनकडं चालू लागला. तिसरा चहा गोमाजीनं प्यायला.

त्या रात्री घरात काय बोलणं झालं, ते बाहेर आलं नाही. दुसऱ्या दिवशी भागीरथी नेहमीच्या जागी मासळी कापत बसली होती. एका शेजारणीनं विचारलं, गो, जमलं का? ती म्हणाली, जमलं. आणि कोयता लागला नव्हता तरी ती पुढं दोन शब्द त्या दुसऱ्या भाषेत बोलली.

देवी उठली, यात्रा निघाली. गोरखपूरपर्यंत रेल्वे आणि पुढं बस. नेपाळच्या सीमेवर बस सावकाश चालत राहिली, कोणी आत डोकावूनही पाहिलं नाही. त्र्यंबकरावांनी मात्र थांबवली. सरोजबाईंनी सांगितलेलं सगळं गोमाजीनं त्यांना सांगितलं होतं, आणि त्यांना ते मनाला लागलं होतं. इतकी वर्षं यात्रा काढतो आणि ही गोष्ट आपल्याला सुचली नाही. पुढच्या वर्षीच्या त्यांच्या पत्रकात एक नवी ओळ आली, कुटुंबात कोणी परदेशी नागरिक असल्यास कृपया आधी कळवावे. डोंबिवलीत ती वाचून लोक हसले. कोळीवाड्यात कोणी हसलं नाही.

तर भागीरथी उतरली. आधी आपल्या बाजूच्या खोलीत बाहेर पडल्याचा शिक्का, मग पलीकडच्या खोलीत नेपाळचा व्हिसा. तिथं पाठीवर पिशव्या घेतलेली दोन गोरी पोरं उभी होती, त्यांच्यामागं नऊवारीतली भागीरथी. तिथला माणूस तिला बाजूला व्हायला सांगत होता, इंडियन लोकांना इथं यायची गरज नाही म्हणून. तिनं पासपोर्ट पुढं केला. त्यानं पासपोर्ट पाहिला, तिच्याकडं पाहिलं, पुन्हा पासपोर्ट पाहिला. मग तो तिच्याशी इंग्रजीत बोलायला लागला. तिनं फ्रेंचमध्ये उत्तर दिलं. पुढची गोरी पोरं फ्रान्सची निघाली. तिघांचं असं काही जमलं की बसमधल्या बायका खिडक्यांतून माना काढून बघत राहिल्या. ती परत येऊन बसल्यावर एकीनं विचारलं, “गो, तू खराच फॉरेनर हायस? आनि आमी तुना निवट्याचा भाव समजवत व्हतो.”

पोखऱ्याला सकाळी ढग हटले आणि डोंगर दिसले. सगळ्या बायकांनी हात जोडले. भागीरथीनं जोडले नाहीत. ती डोळे बारीक करून बघत होती. गोमाजीनं विचारलं, दिसला का बर्फ? ती म्हणाली, “मिठागरान ढीग लावतान तसाच हाय. पुस्तकान खोटा नव्हता.” एवढंच. मग ती बाजारात गेली. जनाबाईसाठी एक लोकरी शाल घेतली आणि काळुरामसाठी नेपाळी टोपी. गोमाजी म्हणाला, ते घेतील का? तिनं टोपी डोक्यावर घालून बघितली, मोठी वाटली, बदलून घेतली.

परतताना गंमत झाली. आपल्या बाजूच्या शिपायानं बसमध्ये डोकावून सगळ्या माताजींना हात जोडले आणि जाऊ द्या म्हणाला. ड्रायव्हरनं गाडी पुढं काढली. भागीरथी ओरडली, थांबवा. परतीची परवानगी कागदावर होती, पण परत आल्याचा शिक्का पासपोर्टावर नसला तर पुढच्या हजेरीला ती नेपाळमध्येच आहे असं ठरलं असतं. ती उतरली. शिक्का मारणारा जेवायला गेला होता. बस उन्हात उभी राहिली. बायका वैतागल्या, एक-दोघी बोलल्या की हिच्या एका शिक्क्यापायी सगळ्यांचा खोळंबा. त्र्यंबकराव म्हणाले, “बसा. एकीला मागे ठेवून मला जाता येणार नाही.” भागीरथी दाराजवळ उभी राहिली. शिक्का घेऊनच आत आली.

ती परत आली आणि लगेच दिवाळी आली. भाऊबीजेला कोळीवाड्यातल्या सगळ्या बायका आपापल्या माहेरी निघाल्या. मनुबाई खाटेवरून म्हणाली, जा किंवा जाऊ नको, मी काही सांगत नाही. भागीरथीनं तबक काढलं, शाल आणि टोपी पिशवीत घातली. गोमाजी बरोबर निघाला.

जनाबाईच्या घरी ती येणार हे कळलं होतं. काळुराम ओट्यावर बसला होता. तो उठला नाही. आत गेल्यावर भागीरथीला दिसलं की मधल्या खोलीत खुर्ची मांडली आहे. त्या घरात खुर्ची नव्हती, ती शेजारच्या इमारतीतून मागून आणली होती. जनाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं वर पाहिलं नाही. सुनेला म्हणाली, “पावनी आलेय. तिना पानी दे.”

काळुरामची बायको ताटलीवर स्टीलचा पेला ठेवून घेऊन आली. तो तिनं भागीरथीच्या पुढं धरला. पेला काठोकाठ भरला होता.

भागीरथीनं पेल्याकडं पाहिलं. मग पिशवी खुर्चीवर ठेवली, तबक पिशवीवर ठेवलं, आणि पदर खोचून मोरीकडं गेली. मोरीत हंडा रिकामाच होता. तो तिनं उचलला आणि मागच्या दारानं बाहेर पडली. गोमाजी उंबऱ्यात उभा होता, तो तसाच उभा राहिला. काळुरामची बायको पेला घेऊन तशीच उभी होती.

नळावर सणाच्या दिवशीही रांग होती. नव्या साड्या नेसलेल्या बायका, हातात हंडे, कळशा, रॉकेलचे डबे. एका नव्या भाडेकरणीनं भागीरथीला हटकलं, तुम्ही कोणाच्या, इथं फक्त इथल्यांना पाणी. रांगेतली एक जुनी बाई म्हणाली की तिला भरू दे, ती जनाबाईची आहे. भागीरथी पुढं सरकली. नंबर आला, हंडा भरला, चुंबळ केली, डोक्यावर घेतला आणि परत निघाली. वाट उतरती होती, चिखलाची. नवी साडी खांद्याशी भिजली.

ती आत आली तेव्हा कोणी हंड्याला हात लावला नाही. तिनं तो एकटीनं मोरीत उतरवला. तांब्या घेऊन त्यातलं पाणी काढलं आणि उभ्यानंच प्यायली.

जनाबाईनं आता वर पाहिलं. मग म्हणाली, “नल गेला का?”

“हाय अजून. रांग मोटी हाय.”

“मंग दुसरा हांडा घेऊन जा. एवढी मानसा घरान, एका हांड्यान काय होते?”

भागीरथीनं दुसरा हंडा उचलला. काळुराम ओट्यावरून उठला, आत आला. खुर्चीवरची पिशवी आणि तबक त्यानं खाली ठेवलं, खुर्ची दुमडली, काखेत मारली आणि शेजारच्या इमारतीत परत द्यायला गेला.